उन्हातली वाडी

आमच्या वडिलांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना तपासून एका चिठ्ठीवर इंग्रजीत दोन शब्द लिहून दिले. वडील मराठी चौथीपर्यंत शिकलेले. ती चिठ्ठी त्यांनी सदऱ्याच्या खिशात आठवडाभर जपून ठेवली आणि आम्ही घरी गेलो तेव्हा पुढे केली. "फादर, एवढं वाचा," ते म्हणाले. आमचा गुरुदीक्षाविधी झाला त्या दिवसापासून त्यांनी आम्हांला नावाने हाक मारणे आणि 'अरे-तुरे' करणे सोडून दिले होते. ज्या हातांनी लहानपणी आमच्या पाठीत रट्टे घातले, तेच हात जोडून ते आमच्यापुढे आशीर्वादासाठी उभे राहत. आम्हांला संकोच वाटे; परंतु त्यांची श्रद्धा मोडणे जिवावर येई.

आम्ही चिठ्ठी वाचली. "पार्किन्सन्स डिसीज."

"हा पार्किन्सन कोण?"

"एक इंग्रज डॉक्टर होते. त्यांनी हा आजार शोधून काढला."

"त्यांना झाला होता?"

"नाही."

वडील क्षणभर थांबले. मांडीवर ठेवलेला उजवा हात आपोआप हलत होता. तो त्यांनी डाव्या हाताने धरला. "म्हणजे नाव त्यांचं आणि दुखणं माझं," ते म्हणाले.

आम्ही हसलो. मग धर्मगुरूच्या तोंडी जे सहज येते ते बोललो. प्रत्येकाला आपापला क्रूस वाहावा लागतो, प्रभू शक्तीही देतो, वगैरे. त्यांनी मान डोलावली. ती मान समाधानाची नव्हती, हे त्यांच्या मुलाला कळत होते. पण धर्मगुरूला संध्याकाळच्या मिस्साची घाई होती, म्हणून तो उठला.

जो हात त्यांनी असा धरून ठेवला होता, तो वसईच्या बागायतदाराचा हात होता. केळी, मोगरा आणि पानवेली एवढ्यावर त्या हाताने सहा मुले वाढवली. पानवेलीचा कोवळा शेंडा आधाराला बांधायचा तो केळीच्या वाळल्या सोपटाने, आणि ती गाठ अशी मारायची की वेल निसटू नये आणि करकचूही नये. वडील ती गाठ अंधारातही मारीत. आता त्यांना सदऱ्याचे बटण लावता येत नव्हते. सोसायटीच्या पासबुकावरील त्यांची सही प्रत्येक महिन्याला बारीक होत चालली होती. ज्या नावाने हे सारे त्यांच्याकडून काढून घेतले, ते नाव कोणाचे, हा त्यांचा प्रश्न साधा होता. आम्ही त्याला उत्तर दिले नव्हते, उपदेश दिला होता.

त्या वर्षी आध्यात्मिक साधनेसाठी आम्ही मुंबईतील एका धर्मसंघाच्या आश्रमात आठ दिवस राहिलो. मौनाच्या काळात ग्रंथालयात बसण्याची मुभा होती. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या कपाटात एका जाडजूड पुनर्मुद्रित ग्रंथाच्या पाठीवर आम्हांला तेच आडनाव दिसले, आणि आमचा हात थबकला. परंतु हे पुस्तक रोगांचे नव्हते. ते फुलांचे होते. लेखक जॉन पार्किन्सन, लंडन, इ. स. १६२९. मुखपृष्ठावर लॅटिन शीर्षक होते, 'पाराडिसी इन सोले पाराडिसुस तेर्रेस्त्रिस'.

सेमिनरीत शिकलेले लॅटिन आता आमच्याजवळ फारसे उरलेले नाही. तरी एवढे शब्द कळले. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ 'भूतलावरील नंदनवन'. पहिल्या तीन शब्दांचा अर्थ मात्र विचित्र, 'सूर्यप्रकाशातील उद्यानाचे'. सूर्यप्रकाशातील उद्यानाचे भूतलावरील नंदनवन! असे कोण लिहील? बराच वेळ डोके खाजवल्यावर आम्हांला उलगडा झाला आणि मौन मोडून आम्ही मोठ्याने हसलो. लेखकाने आपल्या आडनावाचे तीन तुकडे केले होते : 'पार्क', 'इन', 'सन'. पार्क म्हणजे उद्यान, इन म्हणजे मध्ये, सन म्हणजे सूर्य. त्याचे त्याने लॅटिन करून टाकले. म्हणजे सरळ अर्थ एवढाच, 'पार्किन्सनचे भूतलावरील नंदनवन'. सहाशेहून अधिक पानांच्या गंभीर ग्रंथावर लेखकाने आपले नाव एखाद्या खोडकर विद्यार्थ्याप्रमाणे लपवून ठेवले होते.

आता खरे सांगायचे तर या आडनावाचा उद्यानाशी वा सूर्याशी काही संबंध नाही. इंग्रजांच्या बोलीत पीटरचे लाडके रूप 'पर्किन' किंवा 'पार्किन' असे होई, आपल्याकडे पेद्रूचा 'पेदू' व्हावा तसे. आणि त्या पार्किनचा मुलगा तो पार्किन्सन. संत पेत्राच्या नावाच्या कोण्या साध्या माणसाचे हे वंशज. पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेले 'पिरीस' हे आडनावही याच घडणीचे आहे : पेरो म्हणजे पेत्र, त्याचा मुलगा पिरीस. तेव्हा आमच्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जे पिरीस आहेत, ते अर्थाने पार्किन्सनच होत. आपली ही आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी कोणाकडून तरी आपल्याला मिळाली. ती आपण निवडली नाहीत, पण चारशे वर्षे वापरून आपली केली.

'पाराडिसुस' या शब्दाचीही एक गोष्ट आहे. तो लॅटिनने ग्रीकमधून घेतला आणि ग्रीकने प्राचीन इराणी भाषेतून. तेथे त्याचा अर्थ सभोवार भिंत घातलेली जागा. त्यातला पहिला भाग म्हणजे आपल्या 'परिसर', 'परिघ' या शब्दांतला 'परि'च. बायबलच्या ग्रीक भाषांतरात एदेन बागेला हाच शब्द योजला आहे, आणि वधस्तंभावरून प्रभूने पश्चात्तापी चोराला ज्या स्थळाचे अभिवचन दिले, तेथेही संत लूकने तोच लिहिला. सभोवार कुंपण घालून जपलेली झाडांची जागा. आमच्या वसईच्या बोलीत तिला 'वाडी' म्हणतात.

हा जॉन पार्किन्सन १५६७ साली जन्मला. उत्तर इंग्लंडातून तो तरुणपणी लंडनला आला, एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली आणि पुढे स्वतःचे दुकान लडगेट हिल या भागात थाटले. राजा पहिला जेम्स याचा तो औषधी होता, आणि १६१७ साली लंडनच्या औषधविक्रेत्यांनी किराणा व्यापाऱ्यांपासून वेगळा होऊन आपला संघ स्थापन केला, तेव्हा संस्थापकांत त्याचे नाव होते. त्या काळचा औषधविक्रेता म्हणजे मुळ्या, पाने, साली कुटणारा माणूस. वनस्पती ओळखता आल्या नाहीत तर रोग्याच्या जिवावर बेतायचे. म्हणून त्याने लाँग अ‍ॅकर या भागात स्वतःची बाग केली. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेत माणूस पाठवून त्याचा खर्च सोसला आणि बियाणे आणवले.

त्या काळी वनस्पतींचा ग्रंथ छापणे म्हणजे साधे काम नव्हते. प्रत्येक रोपाचे चित्र लाकडी ठशावर उलटे कोरावे लागे. त्याचा खर्च एवढा की मुद्रक परदेशातील मुद्रकांकडून वापरलेले ठसे मिळवीत. जॉन जेरार्ड याचा इंग्लंडात गाजलेला 'हर्बल' १५९७ साली निघाला, तेव्हा त्यातील सुमारे १,८०० चित्रांपैकी जवळजवळ सर्व फ्रँकफर्टहून आणलेल्या ठशांची होती. मजकुराचीही तीच कथा. एका फ्लेमिश पंडिताच्या ग्रंथाचे भाषांतर करण्याचे काम मुद्रकाने आधी एका वैद्याकडे सोपवले होते. तो वैद्य काम अर्धवट टाकून वारला. ते भाषांतर नष्ट झाले असे जेरार्डने प्रस्तावनेत लिहिले; परंतु त्याने ते वापरले असावे असा आरोप त्याच्यावर पुढील पिढीनेच केला. त्या दुर्दैवी वैद्याचे आडनाव होते 'प्रीस्ट', म्हणजे धर्मगुरू. ग्रंथाला आजही लोक जेरार्डच्या नावाने ओळखतात. प्रीस्टचे श्रम कोणाच्या नावावर गेले, हे वाचून आम्हांला आमच्या आडनावबंधूविषयी वाईट वाटले.

पार्किन्सनने मात्र आपल्या ग्रंथासाठी ठसे नव्याने कोरून घेतले. शंभराहून अधिक पानभर चित्रे आणि सुमारे १,००० वनस्पती. तीन भाग : फुलांची बाग, भाजीपाल्याची बाग आणि फळबाग. औषधाला उपयोगी पडो वा न पडो, केवळ डोळ्यांच्या आनंदासाठी फूल लावावे असे सांगणारा इंग्रजीतला हा पहिला मोठा ग्रंथ मानतात. ट्यूलिपच्या फुलाचेच शंभराहून अधिक प्रकार त्याने वर्णिले आहेत. मुखपृष्ठाच्या चित्रात एदेन बाग आहे. वर सूर्याच्या तेजात परमेश्वराचे नाव हिब्रू अक्षरांत कोरले आहे. खाली अननस आहे, ट्यूलिप आहे, आणि देठावर उगवलेले एक कोकरूही आहे. पूर्वेकडे अशी कोकरे झाडाला लागतात अशी त्या काळची समजूत होती. मधोमध झाडाला हात लावून आदाम उभा आहे. तळाशी चार ओळींचे फ्रेंच पद्य आहे. आपली बाग एदेनच्या तोडीची आहे असे मानणाऱ्याला ते सावध करते. नाव शीर्षकात मिरवावे आणि त्याच पानावर नम्रतेचा धडा छापावा, हे आम्हांला आवडले.

ग्रंथ अर्पण केला आहे राणी हेन्रिएटा मारिया हिला. राजा पहिला चार्ल्स याची ही राणी फ्रेंच होती आणि कॅथॉलिक होती. अभ्यासक सांगतात की पार्किन्सनही कॅथॉलिकच होता. त्या काळच्या इंग्लंडात ही गोष्ट उघड बोलण्यासारखी नव्हती. मिस्सा करणे गुन्हा होता. परदेशात दीक्षा घेऊन परतलेल्या धर्मगुरूला देहान्ताची शिक्षा होती. आणि राजमान्य चर्चच्या उपासनेला गैरहजर राहिल्याबद्दल दोषी ठरलेल्या कॅथॉलिकाला १६०६ च्या कायद्याने वैद्यकी व औषधविक्रीचा धंदा करण्यासही मनाई होती. म्हणजे ज्या विद्येवर त्याचे पोट होते, ती त्याच्या श्रद्धेपायी कधीही हिरावली गेली असती. पार्किन्सन गवगवा न करता आपल्या बागेत राहिला. शीर्षकात नाव लपवण्याचा तो खेळ आम्ही पुन्हा वाचला, तेव्हा पहिल्याइतके हसू आले नाही. ज्याला निम्मे आयुष्य काहीतरी झाकून ठेवावे लागले, त्यालाच असे खेळ सुचत असावेत.

येथे एक गोष्ट आम्ही टाळू शकलो असतो. परंतु ती टाळली तर हा लेख खरा होणार नाही. पार्किन्सन ज्या वर्षी जन्मला, त्याच १५६७ साली अँटवर्प शहरात गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथाचा लॅटिन सारांश प्रसिद्ध झाला. मूळ ग्रंथ पोर्तुगीज भाषेत, १५६३ साली गोव्यात छापलेला. भारतातील औषधी वनस्पतींवर युरोपीय माणसाने लिहिलेला हा पहिला छापील ग्रंथ. ओर्ता गोव्यात वैद्यकी करीत. मुंबईचे बेट त्यांच्याकडे पोर्तुगीज सरकारकडून भाडेपट्ट्याने होते. आमच्या वाडीतले विड्याचे पान आणि आमची केळी यांचेही वर्णन त्यांच्या ग्रंथात आहे. पार्किन्सनच्या पिढीला हिंदुस्थानच्या झाडांची ओळख झाली ती प्रामुख्याने या लॅटिन सारांशातून. ओर्ता जन्माने ज्यू कुळातील, नावाने ख्रिस्ती. १५६८ साली ते वारले. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्यांच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० साली त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. आरोप एवढाच, की ते लपून ज्यू धर्म पाळीत होते. इंग्लंडात आपला माणूस लपून राहिला हे वाचून आमचे मन कळवळले. परंतु गोव्यात ज्यांच्या भयाने माणसे लपली, तेही आपलेच होते. ओर्तांचा ग्रंथ उरला, आणि त्या वेळी त्यांच्या कुळाला डाग लागलेले ते आडनाव आज पणजीच्या महापालिका उद्यानाला आहे. 'ओर्ता' या शब्दाचा पोर्तुगीजमधील अर्थ भाजीपाल्याचा मळा.

पार्किन्सनने दुसरा ग्रंथ लिहिला तो म्हातारपणी. 'थिएट्रुम बोटानिकुम' म्हणजे वनस्पतींचे रंगस्थळ. सतराशेहून अधिक पाने, सुमारे ३,८०० वनस्पती. तो हाती असतानाच जेरार्डचा ग्रंथ टॉमस जॉन्सन या तरुण औषधविक्रेत्याने सुधारून १६३३ साली पुन्हा काढला आणि बाजार व्यापला. पार्किन्सनला सात वर्षे थांबावे लागले. १६४० साली त्याचा ग्रंथ निघाला तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. दोनच वर्षांत देशात यादवी पेटली. १६५० साली, राजाचा शिरच्छेद झाल्यावर दीड वर्षाने, तो वारला. पुढे शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मबंधूने अमेरिकेतील एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या झाडाला त्याचे नाव दिले, आणि लिनेयसने ते कायम केले. पार्किन्सोनिया हे झाड आज आपल्या देशातही कोरड्या भागांत कुंपणाला दिसते.

तेव्हा आमच्या वडिलांच्या चिठ्ठीवरचा पार्किन्सन कोणता? तो वेगळा. त्याचे नाव जेम्स. जन्म १७५५, मृत्यू १८२४. पहिल्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी लंडनच्याच हॉक्स्टन भागात तो वैद्यकी करीत होता. योगायोग असा की त्याच्या वडिलांचे नावही जॉन पार्किन्सन आणि तेही औषधविक्रेतेच. गोरगरिबांची बाजू घेऊन सरकारविरुद्ध पत्रके लिहिल्यामुळे १७९४ साली त्याची चौकशीही झाली. त्याला जीवाश्मांचा नाद होता. त्याच्या जीवाश्मांवरील ग्रंथाचा पहिला खंड १८०४ साली निघाला, तो दगडात गोठलेल्या वनस्पतींवरच आहे. म्हणजे या पार्किन्सननेही वनस्पतींचे पुस्तक छापले. फरक एवढाच की त्याची बाग उन्हातली नव्हती, जमिनीखालची होती.

१८१७ साली त्याने कंपवातावर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यात सहा रुग्ण आहेत, आणि त्यांतील काही त्याला दवाखान्यात नव्हे, रस्त्यात भेटले. हात थरथरणारा, पुढे झुकून भरभर पावले टाकणारा माणूस इतर लोक पाहत आणि पुढे जात. जेम्स पार्किन्सन थांबला. त्याने विचारपूस केली, लिहून ठेवले. बुद्धी मात्र शाबूत राहते, हेही त्याने आवर्जून नमूद केले. त्याने आजाराला आपले नाव दिले नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर फ्रेंच वैद्य शार्को यांनी दिले. आम्ही वडिलांना सांगितले होते की त्याने आजार 'शोधून काढला'. ते तितकेसे खरे नव्हते. आजार पूर्वीपासून होता. त्याने आजारी माणूस पाहिला.

हे वाचताना आम्हांला आमची ती संध्याकाळ आठवली. मिस्साच्या घाईने आम्ही ज्याच्याजवळून उठून गेलो, तो आमचा बाप होता.

साधना संपल्यावर आम्ही थेट घरी गेलो. दुपार होती. वडील ओटीवर बसले होते. सकाळची गोळी लागू पडली होती, हात थोडा शांत होता. त्या गोळीत लेव्होडोपा नावाचे द्रव्य असते. तेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांत आहे, आणि १९३७ साली आपल्याच देशातील दोन शास्त्रज्ञांनी ते त्यांतून वेगळे काढले होते, असे आम्ही त्यांना सांगितले. बियाणे आणून घरी कुटू नका, डॉक्टरांचीच गोळी घ्या, हेही बजावले. वडील मिश्किल हसले. लहानपणी मास्तरांच्या खुर्चीवर आपण खाजकुइलीची लव टाकली होती, हे त्यांनी ऐंशीव्या वर्षी प्रथमच कबूल केले.

मग आम्ही दोन पार्किन्सनांची गोष्ट सांगितली. तो सारा ग्रंथ आता इंटरनेटवर पाहता येतो; पुतणीने मोबाईलवर ते एदेनचे चित्र काढून मोठे केले. वडिलांनी चष्मा लावला. देवाच्या नावाकडे, कोकराकडे त्यांचे लक्ष गेले नाही. ते आदामाच्या हाताकडे पाहत राहिले. "हा कलम बांधतोय काय?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, तसेही असेल. "बांधतोयच," ते म्हणाले. "फळ तोडणाऱ्याचा हात असा नसतो."

टॉमस जॉन्सनची गोष्ट त्यांना सर्वांत आवडली. १६३३ सालच्या १० एप्रिलला जॉन्सनने आपल्या लंडनच्या दुकानात केळीचा घड टांगला. बर्म्युडा बेटावरून आलेला तो हिरवा घड लोक थांबून पाहू लागले. मे महिन्यात तो पिकला आणि जूनपर्यंत टिकला. त्याचे चित्र त्याने आपल्या ग्रंथात छापले.

"आढी नाही घातली? धूर नाही दिला?" वडिलांनी विचारले.

"नुसता टांगून ठेवला."

"म्हणून तर महिना लागला," ते म्हणाले, आणि खूप दिवसांनी मोकळेपणाने हसले. मग एकाएकी गंभीर झाले. "म्हणजे हे वाडीवाल्याचं नाव आहे तर."

"एकाचं वाडीवाल्याचं. दुसऱ्याचं डॉक्टरचं. आणि मुळात पेत्राच्या पोराचं."

"मग हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

दीक्षेनंतरच्या सव्वीस वर्षांत त्यांनी आम्हांला प्रथमच 'तू' म्हटले होते. त्यांच्या ते लक्षातही आले नसावे. आम्ही म्हणालो, "तेव्हा मला ठाऊक नव्हतं, बाबा. आणि विचारायला मी थांबलो नाही." त्यांनी यावर काही म्हटले नाही. थोड्या वेळाने काठी घेऊन उठले आणि म्हणाले, "चल, मागे एक वेल लोंबतोय. तेवढा बांधून दे."

वाडीत ऊन उतरत होते. त्यांनी सोपट ओले करून आमच्या हाती दिले. सेमिनरीत गेल्यापासून आम्ही ते काम केले नव्हते. गाठ करकचून बसली. "सैल कर," ते मागून म्हणाले. "वेलाला वाढायला जागा ठेव." आम्ही ती सोडून पुन्हा बांधली, तिसऱ्या खेपेस त्यांचे समाधान झाले.

त्यांच्याकडून एक गोष्ट ऐकायची राहिली आणि आमच्याकडून एक सांगायची. एका डच बागायतदाराला हाच आजार झाला होता. त्याने लाल, पांढऱ्या कडेचे एक ट्यूलिप तयार केले आणि १९८१ साली त्याला डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचे नाव दिले. २००५ पासून लाल ट्यूलिप हे जगभरच्या या रुग्णांचे चिन्ह झाले आहे. ज्या फुलाचे शंभर प्रकार एका पार्किन्सनने वर्णिले, त्यावर दुसऱ्या पार्किन्सनचे नाव एका आजारी बागायतदाराने लिहिले. आम्हांला हे कळले तेव्हा वडील जाऊन दीड वर्ष झाले होते. त्यांनी बहुधा एवढेच विचारले असते, की त्याचा हात थरथरत असताना त्याने कांदे लावले कसे.

त्यांच्या अंत्यविधीनंतर मृत्यूच्या नोंदवहीत आम्हीच नोंद केली. नाव, आडनाव, वय, पत्ता. व्यवसायाच्या रकान्यात पूर्वी कोणी 'शेती' लिहीत, कोणी काहीच नाही. आम्ही 'वाडीवाला' असे लिहिले आणि खाली सही केली.